आयटीपी आणि मुलांचा थकवा: पालक विचारतात ते प्रश्न

आमची लेक चार वर्षांची असताना एका सकाळी तिच्या पायांवर बारीक लाल टिपके दिसले. डास चावले असतील म्हणून मी खोबरेल तेल लावलं. संध्याकाळी घोळणा फुटला तो थांबेचना. रात्री आलेल्या रिपोर्टवर प्लेटलेट नऊ हजार. आता ती अकरा वर्षांची आहे. या सात वर्षांत रुग्णालयातल्या डे केअरच्या बाकावर बसून मी इतर आयांना जे विचारलं, आणि पुढे इतर आया मला जे विचारू लागल्या, ते इथे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, किती आणि कधी बंद करायचं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण रक्तस्रावाबद्दल सगळे बोलतात आणि थकव्याबद्दल कुणी विचारतच नाही, म्हणून या पानावर थकव्याला जास्त जागा दिली आहे.

आयटीपी म्हणजे नेमकं काय?

रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी म्हणजे प्लेटलेट. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. आयटीपीमध्ये, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनियामध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परकं समजते. त्यांच्यावर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) चिकटतात आणि प्रामुख्याने प्लीहेत (स्प्लीनमध्ये) त्या नष्ट होतात. नव्या प्लेटलेट तयार होण्यातही अडथळा येतो. प्लेटलेटचा आकडा, म्हणजे काउंट, एक लाखाच्या खाली असेल आणि दुसरं कोणतंही कारण सापडत नसेल, तर हे निदान होतं.

जुन्या फायलींवर ‘इम्यून’च्या जागी ‘इडिओपॅथिक’ असा शब्द दिसेल, म्हणजे कारण माहीत नसलेला. २००९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तो बदलून ‘इम्यून’ केला, कारण प्रतिकारशक्तीचा हात आता स्पष्ट झाला होता. त्याच वेळी टप्पेही ठरले: पहिले तीन महिने नवा आजार, तीन ते बारा महिने रेंगाळलेला, बारा महिन्यांनंतर क्रॉनिक म्हणजे दीर्घकालीन.

दरवर्षी लाखातल्या साधारण दोन ते पाच मुलांना हा आजार होतो. बहुतेकांना दोन ते पाच वर्षांच्या वयात, आणि अनेकदा आधी सर्दी-ताप किंवा दुसरा एखादा विषाणूसंसर्ग होऊन गेलेला असतो. हा संसर्गजन्य नाही, कर्करोग नाही, आणि गरोदरपणात आईने काय खाल्लं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात ते कधी ना कधी निघतंच.

मुलांचा आयटीपी आपोआप बरा होतो म्हणतात. मग थकव्याची एवढी काळजी कशाला?

खरं आहे, दहातली सात-आठ मुलं वर्षभरात बरी होतात, कित्येक तर काही आठवड्यांतच. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती प्रत्येक आईच्या मनात असते, पण मुलांमध्ये ते प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

पण आठ महिने ‘थांबून पाहू’ म्हणताना त्या मुलाचे आठ महिने जात असतात. पहिलीतल्या मुलाला आठ महिने म्हणजे जवळजवळ अख्खी पहिली. आणि उरलेल्या दोन-तीन मुलांचा आजार वर्षानुवर्षं चालतो. तेवढा काळ ते मूल खेळायचं, शिकायचं, भांडायचं, वाढायचं थांबवू शकत नाही. रक्त येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. मीही दोन वर्षं तसंच धरून चालले होते.

काउंट चांगला आलाय, तरी मूल थकलेलंच. असं कसं?

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिलीत असताना ती शाळेतून यायची आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसून राहायची. दप्तर पाठीवरच, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. मी म्हणायचे, ‘चल गं, दहाच पायऱ्या राहिल्यात.’ ती म्हणायची, ‘आई, दहा खूप आहेत.’ त्याच आठवड्यात काउंट ब्याण्णव हजार आला होता आणि मी सगळ्यांना पेढे वाटायच्या बेतात होते. मला तिचा राग यायचा. आकडा सांगतोय बरं आहे, मग ही अशी का बसते?

थकवा आणि काउंट हातात हात घालून चालतातच असं नाही. पंधरा हजारांवर दिवसभर उड्या मारणारी मुलं मी पाहिली आहेत आणि ऐंशी हजारांवर डबा न उघडता झोपणारीही. उत्तर अमेरिकेतल्या अनेक बालरुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘आयकॉन १’ नावाच्या अभ्यासात, आयटीपीवर दुसऱ्या पायरीचे, म्हणजे पहिल्या औषधांनी भागलं नाही तर करायचे, उपचार सुरू करणाऱ्या मुलांना थकव्याबद्दल पद्धतशीर विचारलं गेलं. निम्म्याहून जास्त मुलांना मध्यम ते तीव्र थकवा होता. म्हणजे हा तुमच्याच मुलाचा हट्ट किंवा नाटक नव्हे. तो या आजाराचाच भाग असू शकतो.

आळस आणि थकवा यातला फरक कसा ओळखायचा?

आळशीपणा आवडीनिवडी पाहतो. अभ्यासाला कंटाळलेलं मूल कार्टून लागलं की टुणकन उठतं. थकवा आवडीच्या गोष्टीही सोडत नाही. मैत्रीण खालून हाक मारते आणि मूल खिडकीतूनच ‘आज नको’ म्हणतं, आवडीची पावभाजी समोर असून चार घास खाऊन ताट सरकवतं, तेव्हा कान टवकारा. दमलेलं मूल झोपून उठलं की ताजंतवानं होतं. या थकव्यात दहा तास झोपूनही सकाळी डोळ्यांत तीच मरगळ असते.

लहान मुलं ‘मला थकवा आलाय’ असं म्हणत नाहीत. ती म्हणतात पाय दुखतात, पोटात कसंतरी होतंय, कडेवर घे. काही चिडचिड करतात. आठवीतला मुलगा काहीच बोलत नाही, फक्त क्लासला जायचं टाळतो. ‘थकलास का?’ याचं उत्तर हमखास ‘नाही’ येतं. त्यापेक्षा ‘आज शाळेत काय करायचं राहून गेलं?’ असं विचारून बघा. आमच्याकडे खरं उत्तर याच प्रश्नाला मिळालं.

हा थकवा येतो तरी कुठून?

एका कारणावर बोट ठेवता येत नाही, बहुधा तीन-चार कारणांचा गुंता असतो.

पहिलं म्हणजे आजार स्वतः. प्रतिकारशक्ती सतत चेतलेली असते. फ्लूमध्ये अंग मोडून येतं तेही बरंचसं प्रतिकारशक्तीच्या रसायनांमुळेच. आयटीपीतही तसंच काहीसं घडत असावं असा तज्ज्ञांचा कयास आहे.

दुसरं लोह. वारंवार घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त, वयात आलेल्या मुलीला जास्त दिवस जाणारी पाळी, यातून लोह थेंबाथेंबाने संपतं. आपल्याकडे तर सुरुवातच तोट्यातून होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं आणि १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षय असलेल्या आढळल्या. आयटीपीच्या मुलाच्या रिपोर्टवर सगळ्यांची नजर थेट प्लेटलेटच्या ओळीवर जाते आणि वरची हिमोग्लोबिनची ओळ वाचायची राहते. माझ्याकडून राहिली होती.

तिसरं औषधं. स्टेरॉइडने भूक वाढते, चेहरा सुजतो, स्वभाव तापट होतो आणि रात्रीची झोप उडते. ते बंद करताना पुन्हा गळाल्यासारखं होतं. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन, दिल्यावर एक-दोन दिवस डोकं भयंकर दुखू शकतं. आपल्याकडे स्वस्त म्हणून डॅप्सोन नावाची गोळी बऱ्याचदा वापरतात. त्याने लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन उतरू शकतं, म्हणून आधी जी६पीडी ही रक्ताची तपासणी झालेली असायला हवी. एल्ट्रोम्बोपॅग शरीरातलं लोह बांधून घेतं, त्यामुळे काही मुलांमध्ये लोहाची कमतरता होते. म्हणजे काउंट वाढवणारी गोळीच हळूहळू थकवा आणू शकते. हे लक्षात असेल तर वेळीच फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासता येतं.

चौथं मन. मूल घरातली कुजबुज ऐकत असतं. ‘पडू नकोस’, ‘हात लावू नका तिला’, ‘जपून’ हे दिवसातून पन्नास वेळा कानावर पडलं की अंग आखडूनच राहतं. त्यात खेळ बंद झाला की स्नायू ढिले पडतात, आणि ढिल्या स्नायूंनी थोडंसं चाललं तरी दम लागतो. मग आपण म्हणतो, बघा, हिला झेपत नाही, अजून आराम द्या. या चक्रात आम्ही वर्षभर फिरलो.

थकव्यासाठी कोणत्या तपासण्या मागाव्यात?

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तर होतेच. त्याबरोबर फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांबद्दल डॉक्टरांना विचारा. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता बरीच आढळते, आणि ती जास्त असेल तर स्वतःच प्लेटलेट खाली आणू शकते. किशोरवयीन मुलींना सांधेदुखी, चेहऱ्यावर पुरळ, केस गळणं असं थकव्याबरोबर असेल तर ल्युपस (प्रतिकारशक्तीचाच दुसरा एक आजार) आहे का हे पाहायला एएनए ही रक्ततपासणी करतात. डोळे पिवळे, लघवी गडद आणि मूल पांढरंफटक पडलं असेल तर लाल पेशीही मोडत असण्याची शक्यता असते; त्याला इव्हान्स सिंड्रोम म्हणतात आणि तिथे थांबून चालत नाही. हाडं दुखणं, वजन घटणं, न जाणारा ताप, मानेत किंवा काखेत गाठी हे आयटीपीचं चित्र नव्हे. ते दिसलं तर लगेच दाखवा.

मूल झोपाळलंय. हा थकवा आहे की धोका, कसं कळेल?

थकलेलं मूल हाक मारली की डोळे उघडतं, ओळखतं, पाणी मागतं, चिडतं. पण डोकं खूप दुखतंय, उलट्या होताहेत, बोलणं अडखळतंय, एक बाजू लुळी वाटतेय, झटका आलाय, हलवूनही नीट जागं होत नाही, किंवा डोक्याला मार लागलाय आणि काउंट कमी आहे, यातलं एकही असेल तर घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, ‘आयटीपी आहे, प्लेटलेट कमी आहेत.’ काळी शौच, लघवीतून रक्त, पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, यांनाही तोच नियम.

घोळणा फुटला की मान मागे टाकायची नाही. पुढे वाकवून बसवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घड्याळ लावून दाबून धरायचा. मध्येच सोडून बघायचं नाही. आजी कांदा हुंगायला देतील; देऊ द्या, पण दाबलेलं बोट हलवू नका.

डॉक्टर म्हणतात काउंट ठीक आहे, आराम करू द्या. थकव्याचं त्यांना कसं पटवायचं?

ओपीडीत आपल्याला पाच-सात मिनिटं मिळतात आणि मूल नेमकं तिथे टुणटुणीत असतं. ‘फार थकते हो’ हे वाक्य त्या वेळात वाहून जातं. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर खुणा करायला लागलो. रोज संध्याकाळी तिनेच स्केचपेनने त्या तारखेच्या चौकटीत एक ठिपका द्यायचा: हिरवा म्हणजे मस्त गेला, पिवळा म्हणजे मधूनमधून दमले, लाल म्हणजे झोपूनच होते. शेजारी मी दोन-तीन शब्द लिहायचे, ‘जिना दोनदा थांबली’, ‘डबा परत’, ‘दुपारी अडीच तास झोप’.

दोन महिन्यांनी ते पान डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिलं. लाल ठिपके दोन ठिकाणी गोळा झाले होते. मंगळवारी, त्या दिवशी शाळेत पीटी आणि संध्याकाळी लगेच क्लास. आणि दर पंधरा दिवसांनी, रक्त काढायच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. सुईच्या भीतीने ती आदल्या रात्री झोपतच नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. रक्तस्राव नसताना दर पंधरवड्याला काउंट करायची गरज नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं आणि तपासण्या दोन महिन्यांवर नेल्या. सुईच्या तासभर आधी लावायचं बधिर करणारं मलमही लिहून दिलं. (मूल डॅप्सोनवर असेल तर हे मलम विचारल्याशिवाय लावू नका.) औषध एकही न बदलता निम्मे लाल ठिपके गेले.

आणखी दोन गोष्टी माहीत असू द्या. कॅनडात तयार झालेली ‘किड्स आयटीपी टूल्स’ नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात २६ प्रश्न आहेत, मुलासाठी वेगळे, मुलाबद्दल पालकांनी सांगायचे वेगळे आणि पालकांवर झालेल्या परिणामाचे वेगळे. गुण शून्य ते शंभर. तुमच्या केंद्रात ती वापरतात का, विचारा. दुसरं, अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्तस्राव नसलेल्या किंवा किरकोळ असलेल्या नव्या रुग्ण मुलांना औषधाविना निरीक्षणाखाली ठेवावं असं म्हटलं आहे. पण तोंडा-नाकातून रक्त येणं किंवा जीवनमान खालावणं ही उपचाराची कारणं म्हणून तिथे नमूद आहेत. म्हणजे ‘मूल नीट जगत नाहीये’ हे सांगणं वैद्यकीय माहिती देणंच आहे, तक्रार करणं नव्हे. संकोच करू नका.

उपचारांनी थकवा जातो का?

अनेकांचा कमी होतो. आयकॉन १ मध्ये दुसऱ्या पायरीचे उपचार सुरू झाल्यावर थकलेल्या मुलांची संख्या घटली होती. पण प्रत्येकाचा जाईलच अशी खात्री कुणी देणार नाही, आणि फक्त थकव्यासाठी औषध सुरू करायचं की नाही हा तोलून-मापून घ्यायचा निर्णय आहे.

स्टेरॉइडचा कोर्स मुलांना आता छोटा देतात, वर सांगितलेल्या अमेरिकन सूचनांप्रमाणे आठवड्याहून जास्त नाही. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) चालू असेल तर ‘का?’ असं नम्रपणे पण स्पष्ट विचारा. कोर्स संपवताना मात्र गोळी मनाने सोडू नका.

आजार लांबला तर एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या किंवा आठवड्यातून एकदा टोचायचं रोमिप्लोस्टिम, नाहीतर रिटुक्सिमॅब. प्लीहा काढायची शस्त्रक्रिया मुलांमध्ये आता फार मागे ढकलली जाते. एल्ट्रोम्बोपॅगची मराठी घरात एक अडचण होते: दूध, दही, ताक, पनीर, नाचणी, कॅल्शियम आणि लोहाची औषधं यांच्याबरोबर ती गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. गोळी या पदार्थांच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर हवी. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा काउंट तीन महिने हलला नाही. आई रोज इमाने इतबारे गोळी द्यायची, गरम दुधाबरोबर. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट द्यावं का?

फळं आवडत असतील तर जरूर द्या, फळ म्हणून. पपईच्या पानांची चर्चा डेंग्यूमुळे घरोघरी पोहोचली. आयटीपीत प्लेटलेट मोडण्याचं कारणच वेगळं आहे आणि त्यावर या रसाचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तो कडू रस पाजताना रोज सकाळी जी झटापट होते, ती त्या मुलाच्या दिवसाची सुरुवात असते. आमच्याकडे पंधरा दिवस चालली. आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

जेवण साधंच ठेवा. लोहासाठी पालेभाजी, अळीव, खजूर, कडधान्यं, खात असाल तर अंडी-मांस. वर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा नको. मात्र फेरिटिन खूप खाली असेल तर आहाराने भागत नाही, औषध लागतं.

तापात काय द्यायचं? आणि प्लेटलेटची पिशवी चढवली तर?

पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणि आपल्याकडे मुलांच्या तापाला सर्रास दिलं जाणारं मेफेनॅमिक अ‍ॅसिड (मेफ्टाल) टाळा, ती प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. दंडावर, कमरेवर इंजेक्शन घेण्याआधी आजार सांगा. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूही असू शकतो, तेव्हा काउंट लवकर करून घ्या.

बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही शरीर तशाच मोडतं, म्हणून जिवावरचा रक्तस्राव सोडला तर त्या देत नाहीत. नातेवाईक रक्तदाते जमवायला निघाले तर प्रेमाने थांबवा.

खेळू द्यायचं का? आराम द्यायला नको का?

पूर्ण विश्रांतीने हा थकवा वाढतो, हे मी आमच्या घरात पाहिलं आहे. काउंट खूप खाली असेल किंवा अंगावर ताजे डाग दिसत असतील तेव्हा कबड्डी, खो-खो, फुटबॉल, सीझन बॉलचं क्रिकेट, मल्लखांब, झाडावर चढणं नको. दहीहंडीचा थर तर नकोच. पण चालणं, पोहणं, हेल्मेट घालून सायकल, नाच, साधे योगासनांचे प्रकार बहुतेक मुलांना चालतात. कोणत्या काउंटला काय चालेल याची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. म्हणजे ‘नको’ म्हणायचं काम तुमच्याकडे राहत नाही, यादीकडे जातं.

आम्ही सुरुवात इमारतीभोवती एका फेरीने केली. आठवडाभर एकच. मग दोन. तिला फेऱ्या मोजायला खडू दिला होता. वॉचमन काकांच्या खोलीच्या भिंतीवर ती रेघ मारायची. काका पुसायचे नाहीत. नवरात्रात तिने सोसायटीच्या दांडियाला अर्धा तास फेर धरला, मग खुर्चीवर बसून टाळ्या दिल्या. त्या दिवशीचा ठिपका तिने हिरवा दिला.

शाळेला काय सांगायचं?

सगळं सांगा, आणि लेखी सांगा. डॉक्टरांचं पत्र मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पीटीच्या सरांना द्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: हा संसर्गजन्य नाही, कोणते खेळ नकोत, कोणत्या लक्षणांना लगेच फोन करायचा. मग थकव्याचं वेगळं बोला. दुपारच्या तासांना वीस मिनिटं डोकं टेकवू देणं, पुस्तकांचा एक संच वर्गातच ठेवणं, तळमजल्यावरचा वर्ग, गृहपाठाला एक दिवस जास्त. या मागण्या फार मोठ्या नाहीत, पण कुणी मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

आमच्याकडे एका शिक्षिकेने दंडावरचे निळे डाग पाहून लेकीला बाजूला घेऊन विचारलं, ‘घरी मारतात का गं?’ त्या रात्री मी खूप रडले. आता वाटतं, त्या बाई बरोबर होत्या. डाग पाहून त्यांनी विचारलं हेच चांगलं केलं. चूक माझी, मी शाळेला काही सांगितलं नव्हतं. पुढे त्याच बाईंनी वर्गाला समजावलं आणि तिच्या बाकावर कुणी उडी मारणार नाही याची जबाबदारी दोन दांडगट मुलांना दिली. त्यांनी ती वर्षभर निभावली.

शासकीय सवलतींबद्दल थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात रक्ताचे तीन आजार आहेत, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल. आयटीपी त्यात नाही, त्यामुळे ते प्रमाणपत्र या आजारावर मिळत नाही. उपचार खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधारच्या प्रती फाइलमध्येच ठेवा.

मुलगी वयात येतेय. पाळीचं काय?

पहिली पाळी यायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. काउंट कमी असलेल्या मुलींना पहिलीच पाळी फार जाऊ शकते, आणि दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, गरज पडली तर हॉर्मोनच्या गोळ्या, असे चांगले उपाय आहेत. ‘एवढ्या लहान मुलीला हॉर्मोन?’ म्हणून घरात आवाज उठेल. तासा-दीड तासाला पॅड भरत असेल, आठवड्याहून जास्त दिवस जात असेल, तर तो आवाज बाजूला ठेवून दवाखाना गाठा. बाबांनाही हे माहीत हवं. शाळेतून फोन आला तर पॅड कोणता आणायचा, हे त्यांना न विचारता कळायला हवं.

आम्हीच थकलोय. दुसऱ्या मुलाकडे लक्ष जात नाही. काय करावं?

त्या कॅनडाच्या प्रश्नावलीत पालकांसाठी वेगळा भाग का आहे, हे मला तो वाचल्यावर कळलं. रात्री उठून मूल श्वास घेतंय का बघणं, आंघोळीला नेताना नवा डाग शोधणं, रिपोर्टच्या दिवशी जेवण न जाणं. हे सगळ्यांचंच होतं. आम्ही दोघांनी रिपोर्ट पाहायचे दिवस वाटून घेतले. एकदा तो, एकदा मी. आकडा रात्री आठच्या आत बोलायचा, नंतर नाही.

धाकट्याने एकदा स्वतःच्या पायावर लाल स्केचपेनने टिपके काढले आणि मला दाखवले. तेव्हापासून रविवारची सकाळ त्याची. बाबाबरोबर भाजी मंडई आणि येताना उसाचा रस, ताईने यायचं नाही.

शाळेची सहल आहे. पाठवू का?

काउंट आणि डॉक्टर दोन्ही हो म्हणत असतील तर पाठवा. आमची लेक गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा गेली, सकाळी सहा ते रात्री नऊ. पिशवीत दिलं होतं: डॉक्टरांच्या पत्राची प्रत, पॅरासिटामॉल, कापूस, टोपी, दोन राजगिऱ्याचे लाडू, आणि एका कार्डावर आजाराचं नाव, रक्तगट, आमचे दोन नंबर. बाईंना सांगितलं होतं की ती ‘बसते’ म्हणाली तर बसू द्या, कारण विचारू नका. बसमध्ये खिडकीची जागा मागून घेतली, झोप लागली तर डोकं टेकायला.

रात्री सव्वानऊला बस आली. ती उतरली, दप्तर माझ्याकडे दिलं आणि जिन्याला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली. मीही शेजारी बसले. तिथेच बसून तिने सगळी सहल सांगितली, पंचवीस-तीस मिनिटं, मग आम्ही वर गेलो.